रावेरच्या केळीमागची फिनची नळी

तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातली केळी वर्षभर उत्तर भारतात जाते. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. घड झाडावरून उतरला की पुढची सगळी मदार गारव्यावर असते. कच्चं केळं 13 ते 14 अंशांवर चांगलं टिकतं. त्याहून गार झालं तर सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि पिकल्यावरही रंग मळकट राहतो. केळी पिकवण्याच्या खोलीत, म्हणजे रायपनिंग चेंबरमध्ये, 16 ते 18 अंश राखून फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडतात. पिकायला लागलेलं केळं स्वतःच भरपूर उष्णता बाहेर टाकतं. ती सतत उपसावी लागते.

उपसलेली उष्णता बाहेर फेकण्याचं काम कंडेन्सरचं. आणि ते करायचं मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना! उष्णता गरमाकडून थंडाकडेच वाहते, म्हणून कंडेन्सरच्या नळ्यांच्या वेटोळ्यातला, म्हणजे कॉइलमधला, शीतक गॅस त्या हवेपेक्षाही तापलेला हवा. खानदेशात तो 55-60 अंशांवर जातो. आर-134ए या गॅसचा दाब 45 अंशांना सुमारे साडेअकरा बार असतो, 60 अंशांना जवळपास सतरा. तेवढा दाब गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला निर्माण करावा लागतो.

कॉइल जवळून पाहिली तर तांब्याच्या वळणावळणाच्या नळ्या दिसतात आणि त्यांवर दाटीवाटीनं बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स. हवा उष्णता सावकाश उचलते, म्हणून तिच्या बाजूचं क्षेत्रफळ वाढवायचं, हा बाहेरच्या फिन्सचा हिशोब. नळीच्या आत मात्र वेगळंच चालतं. गॅस थंड भिंतीला टेकून द्रव होतो आणि त्याचा थर भिंतीवर पसरतो. आता पुढच्या वाफेची उष्णता या थरातूनच तांब्यापर्यंत पोहोचायची. आर-134ए चा द्रव तांब्याच्या सुमारे पाच हजार पटींनी मंद उष्णतावाहक आहे. म्हणजे 0.1 मिलिमीटरचा स्थिर थर अर्धा मीटर जाडीच्या तांब्याइतका अडथळा करतो. थराचं हे गणित जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म नुसेल्ट यांनी 1916 साली मांडलं.

थर पातळ ठेवायचा, हाच मग सगळा खटाटोप. नळीच्या आत बारीक, तिरक्या रेघा कोरल्या की क्षेत्रफळ वाढतं आणि द्रव ढवळला जातो. पुण्यातील संशोधकांनी अशी मायक्रोफिन नळी साध्या नळीशी ताडून पाहिली; निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. गॅस निवण्याचं तापमान 35 ते 60 अंश ठेवलं होतं, म्हणजे खानदेशचा उन्हाळा त्यात सामावतो. मायक्रोफिन नळीत उष्णतावहन आर-134ए साठी दीड ते अडीच पट, तर आर-404ए या दुसऱ्या शीतक गॅससाठी 1.3 ते 2 पट भरलं. तापमान चढलं तसं मात्र ते दोन्ही नळ्यांत घटत गेलं. जेव्हा गरज सर्वांत जास्त, तेव्हाच नळी मंदावते.

पाण्यानं थंड होणाऱ्या मोठ्या प्लांटमध्ये पाणी नळीच्या आत आणि गॅस बाहेर असतो. तिथे तांब्याच्या नळीवरच दीडेक मिलिमीटर उंचीच्या फिन्स काढलेल्या असतात, इंचाला साधारण 26. अमेरिकेतल्या बीटी आणि कॅट्झ यांनी 1948 साली अशा नळ्यांचं सूत्र दिलं, पण त्यात द्रवाचा पृष्ठताण धरला नव्हता. पृष्ठताण फिनच्या टोकावरचा द्रव मुळाकडे ओढतो, टोक जवळजवळ कोरडं राहतं, आणि तिथेच खरी फायद्याची जागा तयार होते. मात्र तोच पृष्ठताण नळीच्या खालच्या अंगाला फिन्समधल्या फटी द्रवानं भरून टाकतो आणि तेवढा भाग वाया जातो. म्हणून फिन्स जास्त म्हणजे काम जास्त, असं होत नाही. अमोनियाच्या प्लांटमध्ये तर तांबंच चालत नाही. ओलाव्यासह अमोनिया ते खातो, म्हणून पोलादी नळ्या लागतात.

एवढी बारकाई करूनही खानदेशात कॉइलची गाठ धुळीशी आणि कापसाच्या तंतूंशी पडते. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग मिळतात. तिथून जाणाऱ्या रेफ्रिजरेटेड गाड्यांची कॉइलही याच धुळीत चालते. फिन्समध्ये ही धूळ बसली की हवा अडते, गॅसचं तापमान चढतं आणि चढलेल्या प्रत्येक अंशामागे वीज साधारण दोन-तीन टक्के वाढते. त्यामुळे उन्हाळा लागायच्या आत कॉइल धुवावी. पाणी हवेच्या उलट दिशेनं, आतून बाहेर, हलक्या दाबानं सोडावं. जोराच्या फवाऱ्यानं फिन्स दुमडतात. दुमडल्याच तर त्या सरळ करायला खास फणी मिळते. आणि कंडेन्सरनं सोडलेली गरम हवा पुन्हा त्याच्याच तोंडात येणार नाही, एवढी मोकळी जागा बसवतानाच सोडावी.