चाकांवरच्या घराचा अँटेना

अमेरिकेत आरव्ही म्हणजे ओटा, पलंग, न्हाणीघर अशी सगळी सोय असलेली मोटरहोम, किंवा पिकअप ट्रकमागे ओढून न्यायचं ट्रेलर-घर. विनेबागो कंपनीच्या पहिल्या मोटरहोम १९६६ साली आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीत तयार झाल्या. त्याच राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये जॉन वाइनगार्ड यांनी १९५४ पासून टीव्हीचे अँटेना बनवायला घेतले होते. पुढे ही दोन कामं एकमेकांना येऊन मिळाली.

बंगल्यावरच्या अँटेनाची दिशा एकदा लावली की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. आरव्ही आज नेब्रास्काच्या माळावर, तर परवा कोलोराडोच्या दरीत. मुक्काम बदलला की टॉवरही बदलतो. त्यात आकाराचा प्रश्न. जुन्या दोन नंबरच्या चॅनेलची लहर पाच मीटरांहून लांब, त्यामुळे तिच्यासाठी नीट बेतलेला अँटेना अडीच मीटर, म्हणजे जवळपास गाडीच्याच रुंदीचा व्हायचा. असा सांगाडा टपावर घेऊन हायवेवर धावणार कसं?

यावर टिकलेला तोडगा म्हणजे वाइनगार्डचा ‘सेन्सार’, बोलीत ‘बॅटविंग’. दोन्ही बाजूंना पंख फाकलेला हा अँटेना प्रवासात टपावर आडवा पडून असतो. गाडीच्या आत छताला एक हँडल असतं. ते दहा-पंधरा फेरे फिरवलं की वरचा दांडा उभा राहतो. मग हँडलभोवतीची चकती दोन्ही हातांनी खाली ओढायची आणि पडद्यावर नजर ठेवून हळूहळू फिरवायची. उतरवण्याआधी चकतीवरचा बाण छतावरच्या बाणासमोर आणायलाच हवा, नाहीतर पंख टपावरच्या एखाद्या वस्तूवर आपटतात. भिंतीवर एक छोटं बटण आणि दिवा असतो. बटण चालू केलं की केबलमधूनच १२ व्होल्टचा पुरवठा वर जातो आणि अँटेनातला ॲम्प्लिफायर चालू होतो; बंद केलं की कॅम्पग्राउंडची केबल टीव्हीला मिळते. टीव्ही बिघडल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या एका बटणात सापडतं.

उभा अँटेना तसाच ठेवून गाडी हलवली की झाडाची फांदी किंवा पेट्रोल पंपाचं छत त्याचा निकाल लावतं. म्हणून जाणती मंडळी अँटेना वर केल्याबरोबर स्टिअरिंगला चिठ्ठी अडकवतात. महागड्या उपकरणांपेक्षा मला ही चिठ्ठी मोलाची वाटते.

१९९४ साली डायरेक्टीव्ही ही उपग्रह टीव्ही सेवा आली आणि हळूहळू आरव्हींच्या टपांवर डिशचे घुमट दिसू लागले. दक्षिणेचं आकाश मोकळं असलं की चित्र स्वच्छ; मात्र दरमहा बिल. खरी अडचण स्थानिक चॅनेलची होती. उपग्रहावरून ती येतात आपल्या नोंदवलेल्या पत्त्याच्या शहराची, आणि तीसुद्धा ठरावीक टापूतच. शिकागोचा माणूस कॅन्ससला पोचला की शिकागोच्या बातम्या सुटतात, आणि कॅन्ससच्या आपोआप मिळत नाहीत.

मोठा बदल १२ जून २००९ ला झाला. त्या दिवशी पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण थांबलं. त्याआधी जुन्या टीव्ही संचांसाठी सरकारने कन्व्हर्टर बॉक्सची ४० डॉलरची कुपनं वाटली होती. ॲनालॉगच्या काळात सिग्नल दुबळा झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण आवाज कळायचा, आणि अँटेना आणखी किती वळवायचा ते त्या मुंग्यांवरून ठरवता यायचं. डिजिटलमध्ये चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर तुकडे-तुकडे होऊन गायब. बहुतेक केंद्रं यूएचएफवर, म्हणजे आखूड लहरींच्या पट्ट्यात गेली, तेव्हा बॅटविंगला जोडायचा ‘विंगमन’ हा सुटा भाग निघाला. हँडल नको असलेल्यांसाठी किंग कंपनीच्या ‘जॅक’सारखे आटोपशीर अँटेना आले; शिवाय चारही दिशांनी सिग्नल घेणारे, न फिरवता चालणारेही आले.

२०१७ च्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपन्यांकडे गेला. जुलै २०२० पर्यंत टीव्ही केंद्रांना ३६ व्या चॅनेलपर्यंतच्या जागेत दाटीने बसावं लागलं आणि काही केंद्रं पुन्हा व्हीएचएफवर, म्हणजे लांब लहरींवर उतरली. पडद्यावर मात्र जुनाच नंबर दिसत राहतो, त्यामुळे प्रेक्षकाला याचा पत्ता लागत नाही. छोट्या अँटेनांचा व्हीएचएफवर कस लागतो तो इथेच.

म्हणून माझा कौल अजूनही फिरवता येणाऱ्या, व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही घेणाऱ्या अँटेनालाच. शहराजवळच मुक्काम करणाऱ्याला न फिरवायचा अँटेना पुरेल. टॉवर साठ-सत्तर किलोमीटरवर असेल, तर दिशेला पर्याय नाही. ओल्या पानांच्या दाट झाडाखाली गाडी लावली तर चांगला अँटेनाही हात टेकतो.

आपल्याकडे २०२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग भूप्रक्षेपणं थांबली आणि गच्चीवरचा अँटेना आठवणीत जमा झाला. अमेरिकेत तो अजून रोजच्या कामाचा आहे, आणि आरव्हीत तर जिवाशी निगडित आहे. वसंतात ओक्लाहोमा-कॅन्ससच्या पट्ट्यात टॉर्नेडोचा इशारा सुटला की स्थानिक केंद्र बाकीचे कार्यक्रम थांबवून नकाशा दाखवत राहतं, वादळ कुठून कुठे सरकतंय ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नावानिशी सांगतं. मोबाइलचं नेटवर्क नसलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये हे प्रक्षेपण हाताशी असतं. प्रवाशाला मात्र आपण कुठल्या काउंटीत आहोत हेच अनेकदा ठाऊक नसतं.

मुलांकडे अमेरिकेत आल्यावर भाड्याची आरव्ही घेऊन निघणाऱ्या मराठी कुटुंबांना म्हणूनच कळकळीने सांगणं आहे: मुक्कामी पोचल्यावर आधी अँटेना उभारा, टीव्हीवर चॅनेल नव्याने शोधा, आणि कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात काउंटीचं नाव व वादळात आसरा घ्यायची जागा विचारून ठेवा. इशारा आला की टीव्ही बघत थांबू नका, त्या पक्क्या इमारतीत जा. आरव्ही टॉर्नेडोत टिकत नाही.