ग्रुपमध्ये माणसं भरपूर, मग बोलतंय कोण?

गेल्या काही भागांपासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "दादा, आमचा ग्रुप वाढवायचा कसा?" कुणाचा पोलीस भरतीचा टेलिग्राम ग्रुप आहे, कुणाचा गावातल्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप, कुणाचा सिनेमावाल्यांचा. आजचा भाग त्यावरच आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

आधी एक गोष्ट वेगळी करू. सभासद वाढणं आणि बोलणं वाढणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सभासद वाढवणं सोपं आहे. लिंक टाकली की लोक येतात. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ केली, टेलिग्रामवर तर २ लाख लोक मावतात. जागेची अडचण राहिलेलीच नाही. अडचण आहे ती लोक येतात आणि गप्प बसतात याची.

हे फक्त तुमच्याच ग्रुपमध्ये होतं असं समजू नका. याकोब नील्सन या संशोधकाने २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता, ९०-९-१ चा. शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून काहीतरी लिहितात आणि एकजण बहुतेक सगळं लिहितो. आकडा प्रत्येक ठिकाणी तंतोतंत जुळत नाही, पण चित्र ओळखीचं वाटतं ना?

मराठीत या गप्प बसण्याला फार आधीच शब्द मिळालाय: 'रोमात असणे'. रोम म्हणजे 'रीड ओन्ली मोड'. हा शब्द मायबोली, मिसळपाव अशा मराठी संकेतस्थळांवर रुळला. मायबोली अमेरिकेतल्या अजय गल्लेवाले यांनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू केली. ऑर्कुट आणि फेसबुक आले २००४ मध्ये, म्हणजे तब्बल आठ वर्षांनी. तेव्हा ना स्मार्टफोन होते, ना मोबाइलवर मराठी कीबोर्ड. तरी लोक लिहायचे. का?

मला त्यात तीन कारणं दिसतात.

पहिलं, प्रसंग. मायबोलीवर गणेशोत्सव होतो, दिवाळी अंक निघायचा, पावसाळ्यात प्रत्यक्ष भेटायला वर्षाविहार असतो. "काहीतरी लिहा" असं नुसतं म्हटलं की कुणी लिहीत नाही. तारीख आणि निमित्त दिलं की लिहितात.

दुसरं, लहान पायरी. गणेशोत्सवातला 'झब्बू' घ्या. एक विषय द्यायचा, एकाने त्यावर फोटो टाकायचा, पुढच्याने आपल्या फोटोने झब्बू द्यायचा. लेख लिहायची गरज नाही. ज्याने आज फोटो टाकला, तो उद्या चार ओळी लिहायची शक्यता वाढते.

तिसरं, पहिलं उत्तर. या संकेतस्थळांवर 'पुलेशु' लिहायची पद्धत आहे, म्हणजे 'पुढील लेखनास शुभेच्छा'. आपण हसतो त्याला, पण इंजिनिअरच्या नजरेने बघा. माणूस लिहितो, उत्तर येतं, उत्तर बघायला तो परत येतो, परत लिहितो. हे चक्र आहे. पहिल्याच फेरीत उत्तर आलं नाही तर चक्र तिथेच तुटतं आणि माणूस कायमचा रोमात जातो. म्हणून नवीन शंभर जण आणण्याआधी, काल ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला कुणी उत्तर दिलं का, हे बघा.

आता आपल्या भंडाऱ्याचं. मी लाखनीचा, नोकरीसाठी पुण्यात. आमच्या श्रोत्यांच्या ग्रुपवर मी एक गोष्ट बघत आलोय. "या विषयावर तुमचं मत काय?" विचारलं की चार अंगठे येतात. "तुमच्या गावात रोवणी कुठवर आली?" विचारलं की साकोली, पवनी, तुमसर, सगळीकडून उत्तरं. मत मागितलं की माणसाला परीक्षा वाटते. माहिती मागितली की आपल्याला काहीतरी येतं असं वाटतं.

आणि एक कारण फारसं कुणी बोलत नाही: भाषा. आपल्याकडची पोरं घरी झाडीबोलीत बोलतात. 'पाणी' नाही, 'पानी'. मग दोनेकशे अनोळखी लोकांसमोर लिहिताना वाटतं, आपली मराठी चुकली तर? कुणीतरी एकदा 'न' आणि 'ण' वरून खेचतं आणि तो पोरगा परत लिहीत नाही. त्याच्यासोबत त्याच्या गावाची माहितीही जाते. झाडीबोलीत साहित्य संमेलनं होतात, पुस्तकं निघतात. मग ग्रुपवरच तिची लाज कशाला? ॲडमिनने एवढंच करायचं: शुद्धलेखनावरून हसणं बंद, व्हॉइस नोट चालेल, आणि स्वतः एकदा झाडीत लिहायचं.

शेवटचा मुद्दा ग्रामसभेतून घेतो. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या कोरमला १५ टक्के मतदार किंवा १०० जण लागतात, जे कमी असेल ते. म्हणजे हजेरी मोजायचा नियम आहे. पण त्याच कायद्यात आणखी एक शहाणपण आहे: ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची. कारण कोरम भरला म्हणजे सगळे बोलले असं होत नाही. मोठ्या सभेत जी बाई उठून बोलणार नाही, ती लहान बैठकीत बोलते आणि मग तिचा विषय मोठ्या सभेत जातो. ग्रुपचंही तसंच आहे. पाचशेंच्या ग्रुपमध्ये वीस-पंचवीस जणांचे कप्पे करा: धान, भरती, क्रिकेट, काहीही. टेलिग्रामवर 'टॉपिक'ची सोय आहेच. आधी तिथे तोंड उघडू द्या.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपचा हिशोब करताना सभासदांचा आकडा बाजूला ठेवा. या महिन्यात पहिल्यांदा किती जण बोलले आणि त्यातले किती परत आले, एवढं वहीत लिहा. दोन महिने लिहिलं की तुमचा ग्रुप वाढतोय की नुसता फुगतोय, ते कळेल.

सुरुवात इथूनच करू. तुम्ही कोणत्या गावातून ऐकताय आणि तुमच्याकडे आज काय चाललंय, एका ओळीत सांगा. झाडीत सांगितलं तर उलट जास्त मजा येईल. पहिल्यांदा लिहिणाऱ्या प्रत्येकाला उत्तर मिळेल, हा आपला शब्द.