मुलाच्या हातातला फोन

श्रोतेहो, २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने घरोघर मुलांच्या हाती फोन आला. शाळा पुन्हा भरल्या. फोन मात्र हातातच राहिला. तो काढून घ्यावा काय, असे पालक विचारतात. मला ते पटत नाही. घरचा काढून घेतला, तर मूल शेजारच्या घरी पाहील, आणि कोणाशी काय बोलते ते आपल्याला कळणारही नाही.

'अनोळखी माणसाशी बोलू नकोस,' असे आपण बजावतो. पण आता असे पाहा, फोनवरच्या खेळात महिनाभर रोज संध्याकाळी बरोबर खेळणारा 'दादा' मुलाला अनोळखी वाटतच नाही. तो आधी खेळातली नाणी भेट देतो. मग 'आई रागावली का रे?' म्हणून मायेने चौकशी करतो. मग फोटो मागतो आणि म्हणतो, 'हे आपल्या दोघांतच राहू दे.' खरी खूण या शेवटच्या वाक्यात आहे. माणूस ओळखणे मोठ्यांनाही साधत नाही. हे वाक्य ओळखणे मात्र सात वर्षांच्या मुलालाही शिकवता येते. जो घरी सांगू नकोस म्हणतो, त्याचे घरी आधी सांगायचे.

एकदा नको तसा फोटो गेला की धमकी येते, 'आणखी पाठव, नाहीतर सगळ्यांना दाखवीन.' मूल अडकते ते येथे. त्या माणसाला ते जेवढे भिते, त्याहून अधिक वडिलांच्या माराला भिते. आपला राग हेच त्या लबाडाचे भांडवल! म्हणून शिक्षकमित्रांनो, पालकसभेत आईबापांकडून एवढे कबूल करून घ्या, की मुलाने असे काही सांगितले तर हात उगारणार नाही. आणि हा शब्द पाळावा लागतो बरे का; एकदा मोडला की पोर पुन्हा तोंड उघडायचे नाही.

मुलाने सांगितल्यावर पैसे देऊ नयेत, आणखी फोटो पाठवू नयेत. संदेश घाईने पुसू नका, तोच पुरावा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. पैसे गेले असतील तर तात्काळ १९३० वर कळवावे. लवकर कळले तर रक्कम बँकेतच अडवता येण्याची शक्यता अधिक.

गावात बोभाटा होईल म्हणून पुष्कळ जण पोलिसांकडे जायला कचरतात. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार न्यायालयाच्या परवानगीवाचून अशा मुलाचे नाव, घर वा शाळा वर्तमानपत्रात छापता येत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, आणि तो घेणाऱ्या पोलिसाने गणवेश घालावयाचा नसतो.