नळी घालायची की नाही

मामांच्या बोटाला लावलेल्या क्लिपवर 74 दिसतंय. चेंबूरच्या या रुग्णालयाची कॅज्युअल्टी रात्री दीडलाही भरलेली आहे. मामांना आडवं होता येत नाही. ते पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलेत, प्रत्येक श्वासाला मानेच्या शिरा ताणल्या जातात आणि दोन शब्द बोलले की थांबावं लागतं.

"असं कधीपासून?" निवासी डॉक्टर विचारते. मुलगी तिशीच्या आतली असावी.

"दम तर तीन वर्षं लागतोय," मामी सांगते. "पण या आठ दिवसांत एकदमच. परवापर्यंत स्वतः बाथरूमला जात होते हो!"

डॉक्टर "आठ दिवस" केसपेपरवर लिहून त्याखाली रेघ मारते. फुफ्फुसांवर व्रण धरत जाणारा हा आजार, फायब्रोसिस, एरवी वर्षानुवर्षं हळूहळू पुढे सरकतो. पण काहींना महिन्याच्या आत असा झटका येतो आणि पुष्कळदा त्याचं कारणच सापडत नाही. डिसेंबर 2024 मध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले तेव्हा या रोगाचं नाव घराघरांत पोचलं. त्यांचा प्रकार कारण न सापडणाऱ्यांतला. मामांच्या बाबतीत संशय कबुतरांवर आहे. भारतातल्या फुफ्फुसांच्या अशा आजारांच्या रुग्णांची 2017 साली प्रसिद्ध झालेली नोंद सांगते की, 1084 जणांपैकी जवळजवळ निम्म्यांना पक्ष्यांची विष्ठा, बुरशी, कूलरची दमट हवा अशा श्वासावाटे जाणाऱ्या गोष्टींच्या वावड्यातून हा त्रास जडला होता. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून एवढं रान पेटलं, तेव्हाही मामीच्या गॅलरीतला ज्वारीचा डबा रिकामा झाला नाही. तिला दोष देववत नाही. सासूबाईंपासून चालत आलेलं ते पुण्य होतं.

डॉक्टर पाठीवर स्टेथोस्कोप ठेवते. वेल्क्रोची पट्टी सावकाश सोलावी तसा करकर आवाज येतोय, म्हणते. ॲम्ब्युलन्समधला मास्क काढून नाकात जाड नळ्या बसतात. मिनिटाला 50 लिटर गरम, दमट हवा, त्यात 70 टक्के ऑक्सिजन. आकडा 86, 89, मग 91 वर येतो. सीटीसाठी मामा जेमतेम काही मिनिटं आडवे होतात. पडद्यावर तळाशी जुन्या व्रणांची जाळी आहेच, तिच्यावर दोन्ही बाजूंना नवा धुरकट पांढरेपणा पसरलाय.

मग एकेक शक्यता बाजूला काढणं सुरू होतं. हृदयाची सोनोग्राफी होते, गुठळीसाठी रक्त जातं, फ्लू आणि कोविडसाठी नाकातला स्वॅब जातो. अहवालांची वाट न पाहता अँटिबायोटिक चालू होतं. सोबत मिथाईलप्रेडनिसोलोन, दिवसाला 1 ग्रॅम, तीन दिवस.

"यापेक्षा जोराचं काही नाही का?" मामेभाऊ विचारतो.

छातीविकाराचे मोठे डॉक्टर घरून आलेत. ते खुर्ची ओढून बसतात, हे मला फार मोलाचं वाटतं. "फ्रान्समध्ये करून पाहिलं," ते सांगतात. "स्टिरॉइडच्या जोडीला सायक्लोफॉस्फमाइड दिलं. तीन महिन्यांत 45 टक्के गेले. ज्यांना ते दिलं नाही त्यांच्यातले 31. ते रुग्ण कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसचे होते, यांचं थोडं वेगळं आहे. तरी मी ते देणार नाही. खरं सांगायचं तर स्टिरॉइडचाही भक्कम पुरावा नाही. पण सूज असेल तर ती उतरेल, या आशेवर देतोय."

मामेभाऊ त्यांना बाहेर चलण्याची खूण करतो. डॉक्टर उठत नाहीत. "त्यांच्यासमोरच बोलू. श्वास त्यांचा आहे."

मला त्या क्षणी त्यांचा हात धरावासा वाटतो. हे बोलणं ओपीडीत, मामा चालत येत होते तेव्हा, कुणीतरी करायला हवं होतं. आपल्याकडे ते कायम रात्री दीड वाजता होतं, आणि तेही पेशंटला वगळून.

"काका, हे नळ्यांवर भागलं नाही तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावता येतो. पण फुफ्फुस इतकं कडक झाल्यावर त्यावर गेलेले बहुतेक परत येत नाहीत. नळी नाही घातली तरी उपचार थांबत नाहीत. धाप कमी करायला मॉर्फिनचा अगदी छोटा डोस देतो. त्याने झोप लागते, गुदमरल्यासारखं होत नाही."

मामी पदर तोंडाला लावते. मामा बराच वेळ श्वास गोळा करतात.

"नळी... नको. बाकी... सगळं करा."

"नक्की?"

मामा मान हलवतात, मग मामेभावाकडे बोट दाखवतात. "त्याला... विचारू नका पुन्हा."

डॉक्टर ते शब्द केसपेपरवर जसेच्या तसे लिहितात, वाचून दाखवतात, खाली वेळ घालतात. साखर 312 झालीय, सिस्टर इन्सुलिन भरते. आयसीयूतला पलंग पहाटे मोकळा होईल असा निरोप येतो. मामी फोन काढून सोसायटीच्या वॉचमनला उठवते. गॅलरीला जाळी बसवणारा माणूस सकाळीच बोलावून घे, आणि डब्यातली ज्वारी खालच्या भाजीवालीला देऊन टाक, कबुतरांना नको.