झडीआडचं महाबळेश्वर

जूनच्या पहिल्या सरीआधी महाबळेश्वरात घरं बांधली जात नाहीत, ती झाकली जातात. बांबूच्या कामट्यांत गवत दाबून बांधलेल्या झड्या भिंतींना बाहेरून लागतात. डॉ. साबणे रस्त्यावरची निम्मी दुकानं त्यांच्याआड जातात. आत दुपारीही दिवा लावावा लागतो. कपडे शेगडीवर धरून वाळवायचे आणि मीठ-काडेपेटी चुलीजवळ ठेवायची, हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही. वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे पुण्याच्या सात-आठ पट. अलीकडे गवताची जागा प्लॅस्टिकच्या कागदानं घेतली आहे. स्वस्त खरं, पण वाऱ्यात रात्रभर फडफडतं.

क्षेत्र महाबळेश्वर पंचगंगेच्या उगमाशी फार जुनं. गिरिस्थान मात्र 1828-29च्या सुमाराचं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचं. बाजारपेठेला त्यांचं नाव पडलं, माल्कम पेठ. आधी साहेब आले, मग मुंबईचे पारशी आणि इतर धनिक. सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर ऐसपैस आवारांचे बंगले उठले, हंगामापुरते राहायला. पावसाची चाहूल लागली की सामान आवरून खाली उतरायचं, हा रिवाज तेव्हापासूनचा.

बंगल्याचा मालक खाली उतरतो, माळी उतरत नाही. ‘माळी’ हा इथे नुसता बागकाम करणारा नव्हे. किल्ल्या त्याच्याकडे, कौलं चाळणं त्याच्याकडे, वाळवी त्याच्याच लक्षात येणार. आउटहाउसच्या दोन खोल्यांत त्याचा संसार. माझ्या मते बंगल्यात राहणारा खरा रहिवासी तोच, फक्त कागदावर त्याचं नाव नाही.

कागदाचा प्रश्न इथे नाजूकच आहे. एकीकडे जंगल, दुसरीकडे भाडेपट्ट्याचे बंगले. त्यात 2001पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. निर्बंध हवेतच, नाहीतर डोंगर केव्हाच सिमेंटचा झाला असता. पण वर्षातले अकरा महिने बंद असलेल्या बंगल्याशेजारी दोन खोल्यांत तीन पिढ्या राहतात, तेव्हा ‘जागा नाही’ हे उत्तर पटत नाही.

वीसेक किलोमीटरवरची पाचगणी वेगळी. जॉन चेसन यांनी ती वसवली, पाऊस निम्म्याहूनही कमी, म्हणून वर्षभर राहता येईल अशी. पुढे निवासी शाळा आल्या आणि गावाला जूनमध्येही काम मिळालं: वह्या, गणवेश, दूध, डॉक्टर. महाबळेश्वरला तसा आधार शेतानं दिला. पावसाळ्यानंतर भोवतालच्या गावांत स्ट्रॉबेरीची रोपं लागतात. 2010मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

इथे बंगला असणाऱ्यांना एक विनंती. एकदा जुलैत या, आणि पाहुणे न आणता या. वेण्णा तलाव धुक्यात सापडणार नाही, पण माळ्याच्या घराचं छप्पर कुठे गळतं ते दिसेल. झड्या दिवाळीआधी उतरतात. तोवर वेळ आहे.