मांदेलीच्या चुलतभावाचा देश

पेरूच्या किनाऱ्यावर एक वीतभराहूनही आखूड मासा सापडतो, अँचोव्हेटा. आपल्या मांदेलीच्याच कुळातला. एकाच जातीच्या माशाची इतकी मोठी मासेमारी जगात दुसरीकडे कुठे होत नाही.

एवढा मासा येतो कुठून? आग्नेयेकडचे वारे किनाऱ्यालगत वाहतात आणि वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतात. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. ऊन मिळताच त्यात सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि माशांची पंगत बसते.

१९७० साली पेरूने १.२ कोटी टनांहून अधिक अँचोव्हेटा पकडला. मग एल निनो आला. वारे मंदावले, कोमट पाणी पसरलं, खालून येणारा शिधा बंद झाला. त्यात आधीचा अतिरेकी उपसा. १९७३मध्ये पकड २० लाख टनांच्याही खाली गेली. त्याच एल निनोच्या काळात, १९७२मध्ये, महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता.

पकडलेला बहुतेक अँचोव्हेटा ताटात येत नाही. वाळवून, दळून त्याची भुकटी होते आणि ती कोंबड्या, कोळंबी, सामन यांच्या खाद्यात जाते.

आता हंगामाआधी शास्त्रज्ञ जाळं टाकून पट्टीने मासे मोजतात. १२ सेंटिमीटरपेक्षा आखूड, म्हणजे पिल्लू. २०२३मध्ये पिल्लंच फार निघाली, म्हणून मुख्य भागातला पहिला हंगामच रद्द झाला. बोटी बंदरात राहिल्या. पण मासा वाचला, तरच पुढच्या वर्षी जाळं भरणार.