नोंदणीचा पहिला दिवस

सकाळी सात

संगीत विद्यालयाचं कुलूप मी आत्ता काढते आहे, पण नोंदणी रात्री दहापासूनच सुरू आहे. पायऱ्यांवरच उभी राहून फोनवर यादी उघडते. एक नोंद पहाटे तीन वाजून बारा मिनिटांची आहे. मुलगी दुसरीत, विषय कथक, आईचा व्यवसाय परिचारिका. आमचं मिरज हे दवाखान्यांचं गाव. रात्रपाळी करणाऱ्या कितीतरी आया आमच्याकडे मुलं घालतात. दर जूनला त्या पाळी संपवून, न झोपता, याच जिन्यात रांगेत उभ्या असायच्या. फी भरून घरी जाईपर्यंत अकरा वाजायचे. या बाईंनी कामातल्या मोकळ्या दहा मिनिटांत फॉर्म भरला आणि आत्ता त्या घरी झोपल्या असतील. नोंदणी ऑनलाइन करायचा हट्ट मी धरला तो यासाठीच.

साडेसात

गाण्याचा वर्ग बसला. तानपुरे याच गावच्या सतारमेकर गल्लीतले, लावून झाले की तळमजल्यावरचं ऑफिसही भरून जातं. विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच, मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्याशी नातं नसलेल्या माणसालाही नाव नोंदवून, रीतसर गाणं शिकायची वाट मोकळी झाली. म्हणून प्रवेशाचं पुस्तक मला निव्वळ ऑफिसचं कागदपत्र कधी वाटलेलं नाही. आमची जुनी पुस्तकं सांगलीच्या गावभागात एका विश्वस्तांच्या घरी होती. २०१९च्या महापुरात त्यांचा लगदा झाला. कोण कोणत्या वर्षी कुठली परीक्षा पास झालं, हे मग मुलांच्या प्रमाणपत्रांवरून पुन्हा जुळवावं लागलं.

नऊ

पहिला फोन. ‘‘ताई, फॉर्म भरला. जागा मिळाली का?’’

आज कुणालाच मिळालेली नाही, असं सांगते. फॉर्म आठवडाभर खुला राहणार आहे. पहिल्या दिवशी भरला काय आणि शेवटच्या दिवशी काय, हक्क सारखाच. हे ठरवायला कार्यकारिणीच्या बैठकीत बराच वेळ गेला होता. ‘जो आधी येईल त्याला आधी’ हा नियम खिडकीपाशी न्यायाचा वाटतो, कारण तिथे निदान पहाटे उठण्याची तयारी मोजली जाते. इंटरनेटवर तोच नियम लावला तर मोजला जातो फोन आणि नेटचा वेग. तबल्याच्या एका वर्गाला आठ जोड आहेत, म्हणजे जागाही आठच. त्या आठ जागा पाच मिनिटांत संपल्या असत्या आणि आरग-बेडगसारख्या खेड्यांतल्या मुलांना त्या उघडल्याचंही कळलं नसतं. त्यामुळे आधी चालू विद्यार्थी, मग त्यांची भावंडं, आणि उरलेल्या जागांसाठी पालकांसमोर सोडत.

साडेदहा

खिडकी आम्ही बंद केलेली नाही. तिथे मोठ्या वर्गातल्या दोन मुली लॅपटॉप घेऊन बसल्यात. ज्यांना येत नाही, त्यांचा फॉर्म त्या भरून देतात. एसटीतून निवृत्त झालेले एक काका आलेत, बटणांचा फोन खिशात.

‘‘पेटी शिकायची होती ओ. वयाची अट आहे काय?’’

‘‘नाही काका, बसा.’’

पालकाचं नाव आणि शाळा हे रकाने आम्ही सक्तीचे ठेवलेले नाहीत, ते अशा माणसांसाठी. आधार क्रमांक मागतच नाही, कारण पेटी शिकायला तो लागत नाही. फोटोही नाही, कारण तो चढवायचा तर ई-मेलच्या खात्यातून आत यावं लागतं आणि पुष्कळ पालक तिथेच अडकून परत फिरतात. अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याप्रमाणे पालकांची संमती हवी. तेवढी एक खूण मात्र सक्तीची आहे. काका फॉर्मची छापील प्रत मागतात. देतो. घडी घालून ते ती पासच्या पाकिटात ठेवतात.

बारा

नावं. या कामाला सबंध दुपार द्यावी लागणार. एकाच मुलाचा फॉर्म आईच्या फोनवरून मराठीत आणि वडिलांच्या फोनवरून इंग्रजीत आलाय. कन्नड घरांतून काहींनी आडनावाच्या जागी गावाचं नाव लिहिलंय, काहींनी नुसती आद्याक्षरं. एका उर्दू आडनावाची तीन भावंडांच्या फॉर्मांवर तीन स्पेलिंगं. फोन नंबरावरून माणूस ओळखावा, तर भावंडांचा नंबर एकच. शेवटी जन्मतारीख आणि फोन दोन्ही जुळले की एक विद्यार्थी धरायचा असं ठरवलं, जुळ्यांसाठी नावाकडे बघायचं. हे किचकट वाटेल, पण परीक्षेच्या फॉर्मवर जे नाव जातं तेच प्रमाणपत्रावर येतं, आणि दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मागताना ते शाळेच्या दाखल्याशी जुळावं लागतं. आज एका अक्षरासाठी केलेला फोन त्या मुलाची पाच-सहा वर्षांनंतरची धावपळ वाचवतो. म्हणून ही तपासणी मी कुठल्याही मशीनवर सोडणार नाही.

दोन

फीचा हिशेब. यूपीआयने आलेल्या प्रत्येक रकमेला बारा आकडी क्रमांक असतो. तो फॉर्ममध्ये लिहायला सांगितलंय, त्यामुळे बँकेच्या पासबुकाशी ताळा जमतो. पैसे शेजाऱ्याच्या फोनवरून आले असले तरी मूल कोणाचं ते कळतं. हे काम भराभर उरकतं.

उरकत नाही ते दुसरंच. आमचे जुने लेखनिक-काका, ज्यांनी आयुष्यभर प्रवेशाचं पुस्तक सांभाळलं, ते समासात बारीक खुणा करायचे. एक टिंब म्हणजे हप्त्याने देणार. दोन टिंबं म्हणजे निम्मी फी. नावाखाली रेघ म्हणजे यंदा मागायची नाही, घरात अडचण आहे. या खुणा कुठल्या नियमात नव्हत्या. खिडकीपाशी आलेल्या बापाचा चेहरा बघून, दोन शब्द बोलून त्या पडायच्या. सगळं संगणकावर नेताना नाव, वर्ग, रक्कम हे रकाने सहज आले. समास आला नाही. आणि माझ्या मते विद्यालय चाललं ते त्या समासावर.

फॉर्ममध्ये ‘फी भरली’ अशी सक्तीची खूण असती, तर ज्याच्यापाशी आज पैसे नाहीत तो बाप तिथेच थांबला असता. तो तक्रार करत नाही, फोनही करत नाही. त्याचं मूल यंदा आलं नाही, एवढंच आपल्याला सप्टेंबरात लक्षात येतं. म्हणून फीच्या प्रश्नाला तीन उत्तरं ठेवली आहेत: एकरकमी, हप्त्याने, आणि ‘बोलायचं आहे’. तिसऱ्यावर खूण केली की फॉर्म कारण न विचारता पुढे जातो. कागदोपत्री पुरावा मागावा, असं एका सदस्यांचं म्हणणं होतं. लेखनिक-काका त्या बैठकीला आले होते. ते म्हणाले, ‘‘एवढ्या वर्षांत मला कुणी फसवलं नाही.’’ विषय तिथे संपला. हा रकाना काका आणि मी, दोघांनाच दिसतो. शिक्षकांच्या यादीत तो येत नाही, कारण वर्गात सर्व मुलं सारखीच बसली पाहिजेत.

साडेचार

शिक्षकांबरोबर बसले. तबल्याच्या सरांनी फॉर्ममध्ये एक प्रश्न मुद्दाम घालायला लावला होता: मूल डावखुरं आहे का? डावखुऱ्या मुलाचा तबला-डग्गा उलटा मांडावा लागतो आणि बसायची जागा कडेची लागते. गाण्याच्या बाईंचा मुद्दा मोठा आहे. मुलांचे गट त्या इयत्तेवरून करत नाहीत, आवाजावरून करतात. काळी चारच्या पट्टीत गाणारा सातवीतला मुलगा आवाज फुटला की काही महिन्यांत खाली उतरतो, आणि त्याला जुन्याच गटात ठेवलं तर गळा ताणून गायला लागतो. तेव्हा ऑनलाइन मिळेल तो प्रवेश. गट मिळेल तो बाईंनी मुलाला समोर बसवून ऐकल्यावर. हे वाक्य आम्ही फॉर्मच्या वरच ठळक अक्षरात घातलंय.

सहा

पाऊस, वीज गेली. वर्ग चालूच.

साडेसात

आता ‘बोलायचं आहे’ वाल्यांना फोन. ते याच वेळी करायचे, कारण दिवसा माणसं कामावर असतात आणि चारचौघांत पैशांचं बोलणं त्यांना अवघड जातं. फोन लेखनिक-काकाच करतात. मी शेजारी बसून लिहून घेते. एका आजीला नातीची फी दिवाळीनंतर द्यायची आहे. एकाला निम्मी जमेल, उरलेल्याबद्दल काका विचारतच नाहीत. एकाने चुकून खूण केली होती, तो बिचारा दोनदा माफी मागतो.

शेवटचा फोन बेडगला. मुलाला तबला शिकायचा आहे. काका हप्त्यांचं सांगायला लागतात, तर पलीकडचा माणूस म्हणतो, ‘‘फीचं बघतो ओ मी. विचारायचं होतं ते दुसरंच. घरात तबला पाहिजे काय? तो काय आपल्याला झेपायचा नाही.’’

‘‘नको. पहिलं वर्ष इथले जोड वापरायचे. वर्गाच्या आधी तासभर खोली रिकामी असते, त्याला लवकर धाडा, हात बसेल.’’

‘‘मग घ्या नाव.’’

काका फोन ठेवतात. घरी वाद्य नसलं तरी चालेल, ही ओळ मी फॉर्मवर विषयांच्या यादीच्या वर घालते आणि गावागावांतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्ताच पाठवते. फॉर्म बंद व्हायला अजून सहा दिवस आहेत.